सांधा दिसू नये म्हणून

लेथचा आवाज बदलला तेव्हा मी आबांच्या टेबलाशी बिलं लावत बसले होते. शाफ्टवर टूल चालू असलं की एक सलग, थोडा किरकिरा सूर लागलेला असतो. कानाला त्याची इतकी सवय होते की तो ऐकू येणंच बंद होतं. तो मध्येच खरखरला, एका फेऱ्यात दोनदा अडखळला आणि पुन्हा सरळ झाला. आबांनी लगेच टूल मागं घेतलं, मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले, अंगठ्याच्या नखानं शाफ्टवर आडवी रेघ ओढून बघितली आणि म्हणाले, "अगं, ह्याला आधीच कुणीतरी भरलंय." भरणं म्हणजे झिजलेल्या जागेवर वेल्डिंगनं नवा धातू चढवणं.

शाफ्ट पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळाचा होता. तीन रोलरचा घाणा, त्यातल्या मुख्य रोलरचा. दसरा होऊन गेला होता, गुळाची भट्टी, म्हणजे चुलवाण, पेटलं होतं आणि ज्या नळीत शाफ्ट फिरतो त्या गनमेटलच्या बुशात तो इतका सैल झाला होता की ऊस आत गेला की रोलर वरखाली व्हायचा. रस काढून उरलेलं चिपाड ओलं पडायला लागलं होतं. चिपाड ओलं पडतं म्हणजे रस त्यातच राहतो, आणि तेच चिपाड पुढं वाळवून रस उकळायच्या काहिलीखाली घालायचं असतं. ते नीट वाळलं नाही की जाळ धरत नाही, जाळ मंद झाला की रस आटायची एक खेप, म्हणजे आदण, लांबतं आणि गुळाचा रंग काळपट होतो. बुशातली दीड मिलिमीटरची झीज अशी बाजार समितीतल्या सौद्यापर्यंत जाऊन पोचते. मालक स्वतः टेम्पोबरोबर आले होते. रजिस्टरमध्ये लिहून घेताना मी त्यांना विचारलं होतं, याआधी शाफ्टची कधी दुरुस्ती झाली होती का. "न्हाई वो ताई. माझ्या वडलांनी बसवलेला शाफ्ट हाय. एकदाबी हात लावाय लागला न्हाई." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि मला नेमकं तेच लागून राहिलं.

शाफ्टवर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

झीज कशी होते हे मला लहानपणापासून नवलाचं वाटत आलंय. शाफ्ट कडक पोलादाचा, बुश मऊ गनमेटलचा. झिजायचं तर बुशानं झिजावं, तो स्वस्त, तो बदलता येतो, अशीच योजना केलेली असते. पण ऊस शेतातून येतो तो माती घेऊन येतो. रसाबरोबर बारीक वाळू कडेनं बुशात शिरते आणि मऊ गनमेटलमध्ये रुतते. एकदा रुतली की जागची हलत नाही, आणि तिच्यासमोरून शाफ्ट मात्र फिरतच राहतो. मग बुश टिकतो आणि शाफ्ट कापला जातो. त्यात उसाचा रस किंचित आंबट. घाणा रात्री बंद राहिला की कोपऱ्यात साचलेला रस पोलादाला खातो. हा शाफ्ट टेम्पोतून उतरवून रॉकेलनं धुतला तेव्हा नखाला अडकतील अशा चऱ्या त्यावर फेर धरून बसल्या होत्या. मूळ माप ९० मिलिमीटर. मायक्रोमीटर लावला तर शाफ्ट जिथं जाड होतो त्या खांद्याजवळ ८८.९०, मधोमध ८८.४०. बुश काढून पालथा केला तर आत बोटाला वाळूचे कण लागत होते, अजून टोकदार.

आबा म्हणतात, भरायचं असेल तर आधी काढायला शिकावं. झिजलेल्या जागेवर तसंच वेल्डिंग चढवलं तर चऱ्यांच्या तळाशी बसलेलं तेल, गंज, रसाची काळी पुटं सगळं वेल्डच्या पोटात जातं आणि तिथं पोकळ्या राहतात. म्हणून आधी शाफ्ट लेथवर बांधायचा, डायल लावून तो सरळ आहे ना बघायचं, आणि चांगलं, अंगभर सारखं पोलाद दिसेपर्यंत उतरवत न्यायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं की या पायरीला त्याचा जीव खालीवर होतो. आधीच झिजलेल्या वस्तूतून आणखी काढताना बघणं सोपं नसतं. त्या दिवशी हेच उतरवणं चालू होतं आणि टूल अडखळलं.

साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनमध्ये मी तपासणीची कामं करते, त्यामुळं ॲसिडची बाटली बॅगेत असतेच. एमरी पेपरनं तेवढी जागा चकचकीत केली, पातळ नायट्रिक ॲसिडचा बोळा फिरवला आणि पाण्यानं पुसलं. क्षणभर काही नाही. मग हळूहळू राखाडीच्या दोन छटा वेगळ्या झाल्या. एक मूळ पोलादाची, एक भरलेल्या धातूची आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक गडद पट्टी, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेनं जिचा पोत कायमचा बदलला ती जागा. शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं एकाशेजारी एक घातलेल्या वेल्डच्या ओळी दिसायला लागल्या. सगळ्या सारख्या रुंदीच्या. ज्यानं भरलं त्याचा हात स्थिर होता. घाईत दोन ठिकाणी वेल्डवर जमणारा मळ, म्हणजे स्लॅग, नीट झाडला नव्हता. त्याची टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं उघडी पडली होती आणि त्यांच्यावरच टूल ठेचकाळलं होतं. आबा कितीतरी वेळ त्या ओळींकडं बघत राहिले. "चांगला माणूस होता," ते म्हणाले. "अंगाबरोबर करून दिलंय. ओळखू येत न्हवतं."

ओळखू येत नव्हतं, ही आबांच्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मी शाळा सुटल्यावर दप्तर टाकायला यायचे तेव्हा हा एक खेळ चालायचा. भरून, टर्निंग करून, घासून तयार झालेला शाफ्ट आबा माझ्यासमोर धरायचे. डोळे मीट म्हणायचे, बोट फिरव आणि सांग, जुनं कुठं संपलं, नवीन कुठं सुरू झालं. कटिंग ऑइलचा तो उग्र वास, शाफ्टचा कोमटपणा, बोटाखालून निसटत जाणारा गुळगुळीतपणा. मला कधीच सांगता यायचं नाही. आबा खूश व्हायचे आणि मीही. कोल्हापूरच्या त्या गल्ल्यांमधून ऑइल इंजिनाचे, पंपांचे, घाण्यांचे, पिठाच्या गिरण्यांचे किती शाफ्ट असे नव्यासारखे होऊन परत गेले असतील. नवं घेण्याइतके पैसे कुणाकडं नसायचे. त्या काळात मोडलेली वस्तू पुन्हा चालू करून देणाऱ्या माणसाला गल्लीत मान होता, आणि तो त्याला शोभायचा. त्या सगळ्या कारागिरीचं शेवटचं माप एकच होतं. सांधा दिसता कामा नये.

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या मापाची भीती वाटली.

कारण ॲसिडनंतर मी डाय लावला. लाल पातळ रंग शाफ्टवर फवारायचा, तो भेगेत मुरेपर्यंत थांबायचं, वरचा रंग पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला लाल रंग पावडरीतून वर येतो. जर्नलच्या, म्हणजे बुशात फिरणाऱ्या भागाच्या, मधोमध ती दोन भोकं सोडली तर सगळं पांढरंशुभ्र राहिलं. पण खांद्याच्या कोपऱ्यात, जिथं ९० चा शाफ्ट एकदम जाड होतो तिथं, एक लाल रेघ उमटली. आधी ठिपके ठिपके, मग जोडलेली, जवळजवळ पाव घेर. जुनं वेल्डिंग बरोबर त्या कोपऱ्यात येऊन संपलं होतं. आणि कोपरा काटकोनात, धारदार केलेला होता. दिसायला फार देखणा. बुश त्याला अगदी चपखल टेकतो.

काटकोनी कोपरा शाफ्टला का मानवत नाही, याची गोष्ट लोखंडाच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी ऐकावी. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस म्यूदोंजवळ तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. दारं बाहेरून बंद केलेली होती. दक्षिण ध्रुवाकडच्या सफरी करून सुखरूप परतलेले दर्यावर्दी द्युमों द्युरव्हील सहकुटुंब त्या गाडीत होते. तेव्हाची समजूत अशी की वापरून वापरून लोखंडाचा आतला कण बदलतो आणि ते ठिसूळ होतं. पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या स्कॉटिश तरुणानं तुटलेले आस तपासून लिहिलं की लोखंड ठिसूळ झालेलं नाही. खांद्याच्या कोपऱ्यात बारीक भेग पडते आणि ती इंचाइंचानं आत सरकत जाते. उपाय काय, तर तिथं कोपरा ठेवू नका, वळण द्या. नंतर जर्मनीत व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका झटक्यात जो भार पोलाद सहज सोसतं, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा उलटसुलट पडला तर तेच पोलाद तुटतं.

लाखो हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण घाण्याचा हिशोब करून बघा. मिनिटाला १५ फेरे धरले तर तासाला ९००. दिवसाचे १६ तास घाणा चालला तर १४,४००. महिन्याला ४,३२,०००. रोलर उसाच्या रेट्यानं शाफ्टला वाकवायला बघतो, आणि शाफ्ट फिरत असल्यामुळं त्याच्या अंगावरचा प्रत्येक ठिपका एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. कोपऱ्यात हा ताण गोळा होतो. भेग एकदा सुरू झाली की दर फेऱ्याला डोळ्यांना न दिसेल एवढी पुढं जाते. अशा तुटलेल्या शाफ्टचं तोंड मी कारखान्यांमध्ये पुष्कळदा बघितलंय. शिंपल्यावर असतात तशा एकाबाहेर एक कमानी, घासून घासून गुळगुळीत झालेल्या, आणि शेवटी एका बाजूला थोडासा खरबरीत, चमकदार तुकडा. तो तुकडा तेवढा शेवटच्या क्षणी तुटलेला. बाकीचं सगळं आधीच तुटलेलं होतं आणि घाणा चालत होता.

ज्या माणसानं या शाफ्टच्या ओळी इतक्या निगुतीनं घातल्या, त्यानं वेल्डिंग कोपऱ्यात थांबवलं आणि कोपरा धारदार केला, आणि वरून सगळं इतकं एकजीव केलं की मालकाच्या मुलालाही कळू नये. मला त्याच्यावर रागावता येईना. आबांनीही आयुष्यभर तेच केलेलं, निदान वरून एकजीव करण्यापुरतं. पण त्या शाफ्टवर कुठं तरी चार आकडे असते, अमुक साली भरलं, अमुक मापापर्यंत उतरवून भरलं, तर मधल्या काळात कुणीतरी त्या कोपऱ्याकडं वाकून बघितलं असतं. नवा शाफ्ट आणि भरलेला शाफ्ट यांच्याकडं एकाच नजरेनं बघायचं नसतं. भरलेल्याला जास्त जपायचं असतं.

मालकांना फोन केला तेव्हा पलीकडून आधी काही आवाजच आला नाही. ऊस तोडून पडला होता, टोळी बसून होती, गुळव्याला रोज द्यायचा होता. "तेवढं पंच मारून द्या की, हंगाम निघंल," ते म्हणाले. सेंटर पंचनं शाफ्टच्या अंगावर टिचके मारून धातू फुगवायचा आणि बुश घट्ट करायचा ही युक्ती सगळीकडं चालते. काही दिवस निघतात, मग ती टोकं झिजतात आणि प्रत्येक टिचका ही भेग सुरू व्हायला एक नवी जागा होते. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मालक, ऊस शेजारच्या गुऱ्हाळावर घाला. दोन आदणं कमी निघतील, पण रोलर निखळून कुणाच्या अंगावर आला तर मी तोंड कुठं दाखवू?" ते ऐकून मालक नरमले. शेजाऱ्यानं रात्रीची पाळी दिलीही. गुऱ्हाळघरं एकमेकांशी दरावरून भांडतात, पण चुलवाण थंड पडू देत नाहीत.

मग आबांनी कोपरा आत घेत नेला. थोडं उतरवायचं, मी डाय लावायची, लाल रेघ यायची, पुन्हा थोडं. रेघ आखूड होत गेली, ठिपक्यांवर आली आणि ८२ मिलिमीटरवर पांढरं सगळं पांढरंच राहिलं. मी टोकाकडून अल्ट्रासॉनिक प्रोब लावून आतूनही बघून घेतलं. पडद्यावर पलीकडच्या टोकाचा प्रतिध्वनी सरळ उभा राहिला, मध्ये काही नाही. भेग याहून खोल निघाली असती तर शाफ्ट भंगारात घालायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. वेल्डिंगनं भेग बुजवता येते असं पुष्कळांना वाटतं. भेग बुजत नाही, झाकली जाते. ती काढूनच टाकावी लागते.

वेल्डिंगला चाचा आले. आमच्या शेडला लागूनच त्यांची शेड, आबांचा आणि त्यांचा शेजार माझ्या जन्माच्या आधीचा. मी त्यांना कधी घाई करताना बघितलेलं नाही. या शाफ्टच्या जातीच्या पोलादात कार्बन असतो साधारण ०.४ टक्के. आकडा क्षुल्लक दिसतो, पण सगळं अवघडपण त्यातच आहे. थंड शाफ्टवर रॉड टेकवला तर एवढा मोठा लोखंडाचा गोळा वेल्डची उष्णता क्षणात ओढून घेतो, शेजारचं पोलाद एकदम थंड होऊन काचेसारखं कडक होतं आणि तडकतं. म्हणून शाफ्ट आधी २०० ते २५० अंशांपर्यंत तापवायचा आणि वेल्डिंग संपेपर्यंत तेवढाच ठेवायचा. चाचा गॅसची ज्योत एका जागी धरत नाहीत, सारखी हलवत, फिरवत नेतात. त्यांच्या खिशात टेम्परेचरचा खडू असतो. शाफ्टवर रेघ ओढायची, खडू ठरलेल्या अंशाला वितळतो. तो मिळायच्या आधी ते पाण्याचा थेंब टाकून बघायचे. थेंब नुसता चर्रर करून आटला तर अजून थंड, गोळी होऊन नाचायला लागला तर झालं. अजूनही खडू वापरल्यावर एक थेंब ते टाकतातच.

वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा. हा रॉड ओलावा ओढतो, आणि ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. वेल्डिंग झाल्यावर सगळं ठणठणीत दिसतं आणि कधी कधी दोन दिवसांनी, शाफ्ट नुसता पडून असताना, आतून तडा जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं रॉडचं पाकीट म्हणजे असा उधार ठेवलेला तडा. म्हणून रॉड आधी भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर भाजून घ्यायचे आणि गरम डब्यातून एकेक काढत वापरायचे. चाचांनी पहिली ओळ खांद्यावरून थोडी पुढं नेऊन सुरू केली, कोपऱ्यात नाही. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बरोबर समोरच्या बाजूला दुसरी. मग पाव फेरा, मग पुन्हा समोर. एकाच बाजूनं भरत गेलं तर आकसणारा वेल्ड शाफ्टला आपल्याकडं वाकवतो. प्रत्येक ओळीनंतर चिपिंग हॅमरचा टकटकाट, वायर ब्रश, आणि चाचा मान तिरकी करून ओळीच्या कडेला बघणार. दोन भोकं ठेवून गेलेल्या त्या जुन्या माणसाची आठवण त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच झाली असावी, कारण ब्रश जरा जास्तच फिरत होता. धातूची कांडीच वितळवून भरायची ही रीत १८८८ साली रशियातल्या पेर्मच्या तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी पहिल्यांदा कामाला लावली, आणि त्यांचं पहिलं काम म्हणजे वाफेच्या इंजिनाचा एक शाफ्टच होता. या विद्येची सुरुवातच शाफ्टपासून झाली, हे मला फार आवडतं.

भरून झाल्यावर शाफ्ट राखेत गाडला. आधीच्या पिढीत ॲस्बेस्टॉसच्या कापडात गुंडाळायचे, ते आता कुणी वापरू नये. आम्ही कोरडा चुना वापरतो, पण मालकांनी चुलवाणातली चिपाडाची राख पोती भरून पाठवली होती, चाळलेली, हलकी, करडी. पत्र्याच्या लांब पेटीत राख, त्यात शाफ्ट, वरून राख. दुसऱ्या दिवशी सकाळीही पेटीच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. आबांनी पेटीला हात लावला नाही, माझ्या आग्रहालाही ते बधले नाहीत. तडा जायचाच असेल तर तो राखेतच जाऊ दे, लेथवर चढवायच्या आधी, असं त्यांचं म्हणणं.

मग टर्निंग. वेल्डचा वरचा खडबडीत, कडक पापुद्रा टूलची धार खातो; पहिला कट त्याच्या खाली शिरेल एवढा खोल घ्यावा लागतो, वरवर खरवडत बसलं तर टूल जातं. ठिणग्या, निळसर पडत जाणारा कीस, ऑइलचा धूर. ९२, ९१, ९०.३०. त्यानंतर आबा बोलत नाहीत. शेवटचं घासून माप आलं आणि बुशात ढिलाई ठेवली इंचाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, या जुन्या हिशोबानं, म्हणजे या शाफ्टला साधारण ०.०९ मिलिमीटर, तेलाला उभं राहायला तेवढी जागा पाहिजे. कोपऱ्यात या वेळी वळण दिलं, आणि ते वळण बुशाला अडू नये म्हणून बुशाच्या कडेची धार तेवढी मारली. पुन्हा डाय लावला. पांढरं.

आणि सांधा दिसत नव्हता. मी डोळे न मिटताही बोट फिरवलं, काही लागलं नाही. शाफ्ट नव्यासारखा चमकत होता.

त्यावरून आमचं वाजलं. माझं म्हणणं, शाफ्टच्या टोकाच्या तोंडावर पंच मारा. साल, ८२, रॉडचा नंबर. जर्नलवर नाही, तिथं पंच म्हणजे नवी भेग. टोकावर कसलाच ताण येत नाही. साखर कारखान्यात रोलरच्या शाफ्टला नंबर असतो, त्याची फाइल असते, कुठल्या ऑफ सीझनला काय सापडलं, किती उतरवलं, कुठल्या टोकाकडून तपासलं, सगळं. तिथं चालू मिलवर रोलरच्या दातांना ऊस धरावा म्हणून वेल्डर त्यांवर वेल्डचे ठिपके देतात, म्हणजे आर्किंग करतात, रस उडत असतो, रोलर फिरत असतो, आणि तेही किती रॉड लागले हे पाळीच्या वहीत लिहिलं जातं. मग छोट्या घाण्याच्या शाफ्टला, ज्याच्याजवळ माणूस हाताच्या अंतरावर उभा राहून ऊस घालतो, चार आकड्यांचीही नोंद का नको? आबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "घाणा उद्या विकायचा झाला तर दुरुस्त केलेला माल म्हणून भाव पडतो. गिऱ्हाइकाला ते नको असतंय. आणि आपण कशाला आपल्या हातानं लिहून ठेवायचं, इथं मोडलं होतं म्हणून?" त्यांच्या बाजूनं हे चुकीचं नव्हतं. ज्यांनी चाळीस वर्षं सांधा लपवण्यात जीव ओतला, त्यांना तो सांधा आकड्यांनी उघडा करायला सांगणं हे मलाच जड जात होतं. मी एवढंच म्हणाले, "आबा, आधीच्यानं लिहिलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी ड्रॉवरमधून त्यांनी आकड्यांच्या पंचची पेटी काढली. त्यात आठचा पंच नव्हता. तो शेजारून मागवून आणला.

मालक शाफ्ट न्यायला आले तेव्हा त्यांना आकडे लगेच दिसले. "हे कशाला? हे सगळ्यांना दिसणार की." आबांनी त्यांना एकेक आकडा बोट ठेवून समजावला, आणि मी मांडलेलं सगळं माझ्यापेक्षा सोप्या भाषेत सांगितलं. "विकायची वेळ आली तर हे दाखवून विका. ८२ वर पोलाद निर्मळ हाय, हे कळल्यावर घेणाऱ्याला भ्याव न्हाई." मालकांना ते पुरतं पटलं असं नाही. बिलावर नुसतं 'लेथ काम' लिहा म्हणाले. मी नाही लिहिलं. भेग सापडली, काढली, कितीवर काढली, सगळं बिलावर गेलं, आणि पैसे देताना त्यांनी ते दोनदा वाचलं. टेम्पो गेला, त्याच रात्री चुलवाण पेटलं असं नंतर कळलं. उन्हाळ्यात गुऱ्हाळ थंड झालं की रोलर न उतरवता शाफ्टच्या टोकाकडून प्रोब लावून बघायचं त्यांच्याशी ठरवलंय. तेवढ्यासाठी आबांनी आकडे टोकाच्या कडेला बारीक मारलेत आणि मधला भाग प्रोब नीट बसावा म्हणून घासून सपाट ठेवलाय.